सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली, म्हणजे नेमके काय?



कोजागिरीच्या कार्यक्रमानंतर मसाला दुधाचा पेला हातात घेऊन उभा होतो, तेव्हा आपल्याच मंडळातल्या एका कुटुंबातल्या मुलाने मला बाजूला घेतले. त्याच्या वडिलांचे किडनी प्रत्यारोपण होऊन तीन वर्षे झाली आहेत. मोबाईलवर रिपोर्टचा फोटो दाखवत तो म्हणाला, “काका, सोनोग्राफी एकदम नॉर्मल आहे. तरी डॉक्टर बायॉप्सी करा म्हणताहेत. उगाच तर नाही ना? बाबा तर नकोच म्हणतात.”

हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी मी स्वतः विचारला होता आणि त्याचे उत्तर न थांबता स्वतःच देऊन टाकले होते. त्याची किंमत माझ्या धाकट्या भावाने मोजली. त्या मुलाला मी तिथेच जमेल तेवढे सांगितले, पण गर्दीत आणि पाच मिनिटांत सांगण्यासारखा हा विषय नाही. मंडळात प्रत्यारोपण झालेली किंवा त्या वाटेवर असलेली आणखी काही कुटुंबे आहेत. म्हणून हा लेख.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बी.कॉम. करून बँकेत नोकरी केली आणि निवृत्त झालो. भावाच्या आजारपणाची फाईल पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. डॉक्टरांना प्रश्न विचारून आणि वाचून जे समजले ते इथे मांडतो आहे. उपचाराचा निर्णय आपापल्या नेफ्रॉलॉजिस्टनेच करायचा.

नवी किडनी बसते कुठे?

पुष्कळांना वाटते की जुनी खराब किडनी काढतात आणि तिथेच नवी बसवतात. तसे नसते. आपल्या दोन्ही किडन्या बहुधा जागच्या जागीच ठेवतात आणि नवी किडनी ओटीपोटात, कमरेच्या हाडाच्या आतल्या खोलगट जागेत बसवतात. बहुतेक वेळा उजव्या बाजूला. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला नव्या किडनीची धमनी जोडतात, शेजारच्या शिरेला शीर जोडतात आणि मूत्रवाहिनी थेट मूत्राशयाला शिवतात. म्हणजे जोड तीन: रक्त आत येण्याचा, रक्त बाहेर जाण्याचा आणि लघवी खाली उतरण्याचा. हे तीन जोड लक्षात ठेवा, पुढचा सगळा लेख त्यांच्याभोवती फिरतो.

ही जागा १९५१ च्या सुमारास पॅरिसच्या शल्यविशारदांनी रूढ केली. बोस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ मध्ये ते यशस्वी झाले. आपण बडोदेकर तसे नशीबवान. नडियादचे मूत्रविकारांचे रुग्णालय १९७८ पासून तासाभराच्या अंतरावर आहे आणि अहमदाबादलाही किडनीची मोठी संस्था आहे. आपल्यापैकी अनेकांना तो रस्ता पाठ झालेला असतो.

ओटीपोटातल्या या जागेचे दोन परिणाम होतात. पहिला फायद्याचा. मूळ किडन्या पाठीकडे, बरगड्यांच्या आडोशाला खोल असतात, तर नवी किडनी पोटाच्या कातडीखाली काही सेंटिमीटरवरच असते. हात लावला तर बऱ्याच जणांना ती चाचपता येते. त्यामुळे सोनोग्राफीत ती फार स्वच्छ दिसते.

दुसरा परिणाम सावध करणारा. नवी किडनी बसवताना रक्तवाहिन्या जोडतात, पण तिच्या मज्जातंतू तुटलेल्याच राहतात. आपल्या मूळ किडनीत खडा अडकला तर माणूस गडाबडा लोळतो. नव्या किडनीत लघवीची वाट अडली तरी तशी कळ येईलच असे नाही. तिला दुखते हे ती सांगू शकत नाही, म्हणून तिच्याकडे वेळोवेळी आपणच डोकावून पाहावे लागते. डोकावण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सोनोग्राफी.

आवाजाने चित्र कसे दिसते?

माणसाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीच्या प्रोबमधून त्याच्या शेकडो पट जास्त, म्हणजे सेकंदाला काही दशलक्ष कंपने असलेल्या ध्वनिलहरी बाहेर पडतात. प्रोबमधले स्फटिक विजेच्या झटक्याने थरथरतात आणि लहर सोडतात. परत आलेल्या लहरीने ते पुन्हा थरथरले की वीज निर्माण होते. स्फटिकांचा हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला होता.

शरीराच्या मऊ भागातून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. किडनीचा एखादा थर कातडीखाली तीन सेंटिमीटरवर असेल, तर तिथवर जाऊन प्रतिध्वनी परत यायला सेकंदाचा जवळपास पंचवीस हजारावा भाग पुरतो. यंत्र तेवढा वेळ मोजते, त्यावरून अंतर काढते आणि पडद्यावर एक ठिपका उमटवते. असे असंख्य ठिपके मिळून चित्र होते. पाणी, रक्त, लघवी यांच्यातून प्रतिध्वनी जवळजवळ येत नाही, म्हणून ते काळे दिसते. खडा पांढराशुभ्र दिसतो आणि त्याच्या मागे सावली पडते. पोटावर लावतात ते थंडगार जेल एवढ्यासाठीच, की प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहू नये. हवेतून ही लहर पुढे जात नाही.

यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही, शिरेतून औषध नाही. सीटी स्कॅनमध्ये रंग म्हणून देतात ते आयोडीनयुक्त औषध अशक्त किडनीला जाचक ठरू शकते. सोनोग्राफीत तो प्रश्नच नाही. ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी रुग्णाच्या खाटेपाशी यंत्र आणूनही ती करता येते आणि पुढे कितीही वेळा करता येते. म्हणून नव्या किडनीबाबत काहीही शंका आली, तर डॉक्टर आधी सोनोग्राफीच सांगतात.

डॉपलर म्हणजे काय?

रिपोर्टवर नुसते ‘सोनोग्राफी’ असे नसते, ‘कलर डॉपलर’ असेही लिहिलेले असते. हे डॉपलर म्हणजे ख्रिश्चन डॉपलर नावाचे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ. त्यांनी आपला सिद्धांत १८४२ मध्ये मांडला. त्याचा अनुभव आपण सगळ्यांनी घेतला आहे. प्लॅटफॉर्मवर उभे असताना न थांबणारी गाडी भोंगा वाजवत येते, तेव्हा आवाज चढा लागतो, आणि गाडी पुढे निघून गेली की तोच भोंगा एकदम खालच्या पट्टीत उतरतो. १८४५ मध्ये हॉलंडमधल्या उट्रेक्ट इथे बाइस बॅलट यांनी रेल्वेगाडीत वादक बसवून ही गोष्ट पडताळून पाहिली होती.

इथे गाडीच्या जागी आहेत रक्तातल्या पेशी. प्रोबच्या दिशेने धावणाऱ्या पेशींवरून परतलेली लहर चढी होते, दूर जाणाऱ्या पेशींवरून परतलेली उतरते. या फरकावरून रक्त कुठल्या दिशेने आणि किती वेगाने चालले आहे हे यंत्र सांगते. पडद्यावर लाल-निळे रंग दिसतात त्यांचा अर्थ शुद्ध-अशुद्ध रक्त असा नाही. प्रोबकडे येणारे आणि प्रोबपासून दूर जाणारे, एवढाच तो फरक आहे.

डॉपलरच्या रिपोर्टमध्ये एक आकडा हमखास असतो, ‘आर.आय.’ म्हणजे रेझिस्टिव्ह इंडेक्स. हिशेब अगदी सोपा आहे. हृदय आकुंचन पावते तेव्हा किडनीतल्या धमनीत रक्ताचा वेग सर्वांत जास्त असतो, आणि पुढचा ठोका पडण्याआधी सर्वांत कमी. मोठ्या वेगातून छोटा वेग वजा करायचा आणि उत्तराला मोठ्या वेगाने भागायचे. समजा मोठा वेग सेकंदाला ४० सेंटिमीटर आणि छोटा १२ सेंटिमीटर. वजाबाकी २८, भागाकार ०.७. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळेतही किडनीत रक्त सुरळीत वाहत राहिले पाहिजे. आत सूज आली किंवा कुठे अडथळा झाला, की मधला प्रवाह मंदावतो आणि हा आकडा वर जातो. साधारणपणे ०.७ च्या आसपास किंवा खाली असेल तर ठीक मानतात, ०.८ च्या वर गेला की डॉक्टर जास्त लक्ष देतात.

पण या एका आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. २००३ मध्ये जर्मन डॉक्टरांनी सहाशे रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ज्यांचा आर.आय. ०.८ किंवा जास्त होता त्यांची नवी किडनी पुढे निकामी होण्याचे प्रमाण जास्त दिसले. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, बेल्जियमच्या डॉक्टरांनी तीनशेहून अधिक रुग्णांच्या आर.आय.ची बायॉप्सीशी तुलना केली. तेव्हा असे दिसले की ठरावीक वेळी नेमाने मोजलेला हा आकडा किडनीपेक्षा माणसाबद्दलच जास्त सांगतो. त्याचे वय काय, त्याच्या रक्तवाहिन्या किती ताठरल्या आहेत, याचे प्रतिबिंब त्यात पडते. साठीच्या माणसाचा ०.७८ आणि तिशीच्या मुलाचा ०.७८ यांचा अर्थ एकच नाही. म्हणून शेजारच्या रुग्णाच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहू नये. आपल्याच मागच्या आकड्याशी ताडावा.

सोनोग्राफी काय चांगले पकडते?

सुरुवातीला सांगितलेले तीन जोड आता आठवा.

लघवीची वाट. मूत्रवाहिनीचा जोड आवळला गेला, बाहेरून दाब पडला किंवा आत गुठळी अडकली, तर लघवी मागे तुंबते आणि किडनीच्या मधला भाग फुगतो. रिपोर्टवर याला ‘हायड्रोनेफ्रोसिस’ म्हणतात. सोनोग्राफीत तो लगेच दिसतो. मात्र इथे एक गंमत आहे. मूत्राशय तुडुंब भरलेले असले तर नव्या किडनीत थोडी फुगवट निरोगी माणसालाही दिसू शकते. म्हणून अशी फुगवट आली की लघवी करून येऊन पुन्हा एकदा पाहतात. कुणाच्या रिपोर्टमध्ये ‘माईल्ड’ असा शब्द दिसला, तर घाबरण्याआधी विचारावे, की ही तपासणी लघवी केल्यानंतरची आहे का. ऑपरेशनच्या वेळी मूत्रवाहिनीत बहुधा एक बारीक नळी, स्टेंट, ठेवतात. ती काही आठवड्यांनी काढायची असते. ती काढल्याची नोंद फाईलमध्ये आहे ना, हेही पाहून ठेवावे. विसरलेल्या नळीवर क्षार साठतात आणि नवेच दुखणे मागे लागते.

आजूबाजूला साठलेले पाणी. पहिल्या काही दिवसांत किडनीभोवती रक्त साठू शकते किंवा जोडातून लघवी झिरपू शकते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी लसिकेचा, म्हणजे शरीरातल्या पांढुरक्या द्रवाचा, साठा होऊ शकतो. छोटा साठा बहुधा आपोआप जिरतो. मोठा असेल तर किडनीवर, मूत्रवाहिनीवर किंवा पायाच्या शिरेवर दाब आणतो. पाय एकाच बाजूने सुजण्यामागे कधीकधी हे कारण निघते. साठा किती मोठा आहे आणि कुठे आहे हे सोनोग्राफीत कळते. नेमका कशाचा आहे हे नुसते पाहून नेहमी सांगता येत नाही. गरज पडली तर सोनोग्राफीखालीच सुईने थोडे द्रव काढून तपासतात.

रक्ताची ये-जा. पहिल्या काही दिवसांत धमनीत किंवा शिरेत गुठळी होणे हा सर्वांत मोठा धोका. शीर बंद पडली तर रक्ताला बाहेर जायला वाट राहत नाही, आणि डॉपलरवर ठोक्यांच्या मधल्या वेळी रक्त उलटे फिरताना दिसते. अशा वेळी मिनिटे मोजावी लागतात. म्हणूनच लघवी अचानक कमी झाली तर रुग्णालयात रात्री-अपरात्रीही डॉपलर करतात. पुढे काही महिन्यांनी ते वर्षा-दोन वर्षांत धमनीचा जोड अरुंद होऊ शकतो. त्याची खूण म्हणजे ऐकेनासे झालेले ब्लडप्रेशर. दोन-तीन गोळ्या चालू असूनही दाब वाढत राहतो. अरुंद जागेतून रक्त वेगाने उसळते. नदीचे पात्र चिंचोळे झाले की पाण्याला ओढ येते तसे. डॉपलर तो वेग मोजतो, आणि मग बहुतेकदा हृदयाच्या अँजिओप्लास्टीसारखाच उपाय करून ती जागा रुंद करता येते. वेळेत सापडले तर किडनी वाचते.

म्हणजे नळ, निचरा आणि भोवतालची जागा, या तिन्हींची तपासणी सोनोग्राफी उत्तम करते.

आणि काय पकडू शकत नाही?

आता माझ्या भावाची गोष्ट सांगतो.

त्याला किडनी दिली आमच्या थोरल्या ताईने. सुरुवातीची तीन वर्षे उत्तम गेली. क्रिएटिनिन १.२ च्या आसपास स्थिर. चौथ्या वर्षी त्याच्या मुलीचे लग्न ठरले आणि धावपळ सुरू झाली. कार्य पार पडल्यावर रक्त तपासले तर क्रिएटिनिन १.४, मग १.७. डॉक्टरांनी डॉपलर करायला सांगितले. रिपोर्ट आला: आकार योग्य, तुंबलेले काही नाही, भोवती पाणी नाही, रक्तप्रवाह चांगला, आर.आय. ०.६८.

तो रिपोर्ट मी फाईलला लावला आणि घरी सगळ्यांना फोन करून सांगितले, “काही काळजी नाही, सोनोग्राफी नॉर्मल आहे. धावपळीने आकडा वर गेला असेल, उतरेल.” डॉक्टरांनी बायॉप्सीबद्दल सुचवले होते. भावाला सुईची भीती. त्यानेही माझाच शब्द उचलला, “दादा म्हणतोय ना नॉर्मल आहे, मग कशाला टोचून घ्यायचे?” तीन आठवडे आम्ही तसेच काढले. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन २.३ आले. मग मात्र डॉक्टरांनी ऐकून घेतले नाही. बायॉप्सी झाली. शरीर नवी किडनी नाकारत होते.

सोनोग्राफीचा रिपोर्ट चुकीचा होता का? अजिबात नाही. नळ खरोखरच मोकळे होते. तो रिपोर्ट ज्या प्रश्नाचे उत्तर होता, तो आमचा प्रश्नच नव्हता. शरीराची संरक्षक पेशींची फौज किडनीला परकी समजून तिच्यावर हल्ला करते, तेव्हा ती लढाई सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल अशा पातळीवर चालते. सोनोग्राफीला एवढे बारीक दिसत नाही. लढाई जोरात असेल तर किडनी सुजते, आतल्या थरांमधला फरक पुसट होतो, आर.आय. वाढतो. पण सौम्य असेल तर चित्र पूर्ण नॉर्मल दिसू शकते. उलट, सूज आणि वाढलेला आर.आय. दिसला तरी त्याचे कारण नकारच आहे असे ठरत नाही. जंतुसंसर्ग, औषधाचा जास्त झालेला डोस, ऑपरेशनच्या वेळी किडनीला रक्ताविना राहावे लागल्याचा परिणाम, यांतले काहीही असू शकते. आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा. नकार असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वाढवावी लागतात. जंतुसंसर्ग असेल तर कधीकधी तीच कमी करावी लागतात. अंदाजाने औषध दिले तर आगीत तेल.

बँकेतल्या माणसाला हे समजायला हवे होते. रोज संध्याकाळी कॅश टॅली झाली, म्हणजे शाखेत सगळे आलबेल आहे असे होत नाही. कॅश जुळते आणि तरीही कर्ज बुडीत चाललेले असू शकते. त्यासाठी खातेवही उघडून नोंदी तपासाव्या लागतात. डॉपलरने कॅश जुळवली होती. वही उघडायला मी अडवले.

भावाला इंजेक्शने दिली, औषधे बदलली. किडनी वाचली. पण क्रिएटिनिन १.६ वर थांबले, पुन्हा १.२ कधी झाले नाही. ते तीन आठवडे आधी गेलो असतो तर किती फरक पडला असता, हे कुणी सांगू शकत नाही. मी मात्र त्या ०.४ ची नोंद माझ्याच नावे ठेवली आहे.

कारणही पुढे कळले. लग्नाच्या गडबडीत त्याच्या संध्याकाळच्या गोळ्या कितीतरी वेळा चुकल्या होत्या. त्याने ते कुणाला सांगितले नव्हते. ताईला कळले तेव्हा ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “अरे, तुझ्याकडे ठेवायला दिली आहे असे समज, आणि तशी जप.”

बायॉप्सीची भीती

बायॉप्सी म्हणजे ऑपरेशन नव्हे. जागा बधिर करतात, सोनोग्राफीच्या पडद्यावर किडनी पाहत पाहत सुई नेमकी आत नेतात आणि शेवईच्या तुकड्याएवढा बारीक नमुना काढतात. म्हणजे इथेही मदतीला सोनोग्राफीच. नव्या किडनीच्या बाबतीत ती कातडीजवळ असल्यामुळे हे काम मूळ किडनीपेक्षा सोपे असते. नंतर काही तास आडवे पडून राहायचे, लघवीत रक्त येते का ते पाहायचे. थोडेसे लाल येऊ शकते, मोठा त्रास क्वचित होतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी आठवणीने सांगावी. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याची प्रतवारी करतात. तिचे नियम कॅनडातल्या बॅन्फ या गावी १९९१ मध्ये झालेल्या बैठकीपासून ठरत आले आहेत, म्हणून रिपोर्टवर ‘बॅन्फ’ हा शब्द दिसतो. ते कुठल्या आजाराचे नाव नाही.

नवे काय येते आहे?

सुईशिवाय आतले कळावे यासाठी प्रयत्न चालू आहेत. एका पद्धतीत ध्वनिलहरींनीच किडनीला हलकासा धक्का देऊन ती किती कडक झाली आहे हे मोजतात. याला इलॅस्टोग्राफी म्हणतात. यकृतासाठी ही तपासणी आता सर्रास होते. किडनीत आतल्या आत व्रण धरत असतील तर तिचा कडकपणा वाढेल, हा त्यामागचा विचार. पण किडनीची रचना यकृताइतकी एकसारखी नाही. रक्ताचा दाब, प्रोबचा दाब, मोजण्याची दिशा यांनी आकडा बदलतो.

दुसऱ्या पद्धतीत वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे शिरेतून सोडतात. ते ध्वनी जोरात परतवतात, त्यामुळे बारीकातल्या बारीक रक्तवाहिन्यांमधला प्रवाह दिसतो. हा वायू पुढे श्वासावाटे निघून जातो, किडनीवर त्याचा भार पडत नाही. दोन्ही पद्धती उपयोगी आहेत, पण नकाराचे निदान करताना बायॉप्सीची जागा त्यांनी अजून घेतलेली नाही. कुठे ‘सुईशिवाय पक्के निदान’ अशी जाहिरात दिसली, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

घरच्यांनी काय करावे?

१. फाईल तारखेप्रमाणे लावा. पहिल्या पानावर एक तक्ता करा: तारीख, क्रिएटिनिन, लघवीतले प्रथिन, टॅक्रोलिमसची पातळी, वजन, ब्लडप्रेशर, आणि सोनोग्राफी झाली असल्यास किडनीची लांबी व आर.आय. एकटा आकडा फारसे बोलत नाही, रांगेत ठेवला की बोलतो.

२. शक्यतो सोनोग्राफी एकाच ठिकाणी करा आणि जुने रिपोर्ट सोबत न्या. ही तपासणी बऱ्याच अंशी करणाऱ्याच्या हातावर आणि डोळ्यावर अवलंबून असते. आधीची मापे समोर असली की तुलना करता येते.

३. तपासणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा: प्रत्यारोपण कधी झाले, किडनी कुठल्या बाजूला आहे, तपासणी कशासाठी सांगितली आहे. नुसते ‘पोटाची सोनोग्राफी’ असे सांगितले तर डॉपलर राहून जाऊ शकतो.

४. टॅक्रोलिमसच्या पातळीसाठी रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचे असते. गोळी घेऊन गेलात तर आकडा फसवा येतो.

५. गोळी चुकली असेल तर लपवू नका. डॉक्टर रागावतील तर रागावू द्या. ही एक माहिती दहा तपासण्यांपेक्षा मोलाची असते. दुखण्यावरची गोळी किंवा साधे अँटिबायोटिकसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नका.

६. लघवी कमी होणे, एकाएकी वजन वाढणे, पायावर सूज, ताप, नव्या किडनीच्या जागी जडपणा किंवा दुखणे, दाब न आवरणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

७. रिपोर्ट नॉर्मल आला तर आनंद जरूर माना, पण डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: “या तपासणीने कुठली शक्यता संपली, आणि कुठली अजून उरली आहे?” मी तो विचारला नव्हता.

कोजागिरीला भेटलेल्या त्या मुलाचा चार दिवसांनी फोन आला. बाबा तयार झाले होते, बायॉप्सीची तारीखही मिळाली होती. रिपोर्ट काय येईल ते येईल, पण तो वेळेवर येईल, याचे मला समाधान वाटले.

कुणाला फाईल लावण्यात किंवा तक्ता करण्यात मदत हवी असेल तर मंडळाच्या कार्यालयात निरोप ठेवा. वैद्यकीय सल्ला मी देणार नाही, पण नोंदी नीट कशा ठेवायच्या हे मात्र खात्रीने सांगू शकेन. आयुष्यभर तेच केले आहे.